खुलासा: 3 मिमी जाळी म्हणजे 3 मिमी भरडा नव्हे

सोलापुरात पशुपालकांच्या ग्रुपवर फिरतंय: "हॅमर मिलला 3 मिमी जाळी लावली की मक्याचा भरडा 3 मिमीचाच पडतो." हे चूक आहे. हॅमर मिल म्हणजे फिरत्या हातोड्यांनी दाणे फोडणारं यंत्र; त्याची जाळी फक्त मोठे तुकडे अडवते. बहुतेक कण बरेच बारीक निघतात. हातोडे झिजले, वेग बदलला की मापही बदलतं.

खरं माप हवं तर 100 ग्रॅम कोरडा भरडा चाळण्यांच्या उतरंडीवर (वर 2 मिमी, मग 1, मग 0.5, तळाला ताट) 10 मिनिटं हलवा, प्रत्येक थर वेगळा तोला. पेंड मिसळलेला तेलकट माल भोकं बुजवतो आणि भरडा आहे त्याहून जाड दिसतो. म्हणून चाळणी मधूनमधून ब्रशने साफ करा. नमुना पोत्याच्या फक्त वरून घेऊच नका, बारीक पूड तळाशी उतरलेली असते.