दामाजीपंतांनी घरचं वाटलं नव्हतं

परवा गावी सप्ताहाचा काला झाला. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, आमच्याकडे सप्ताहाचं जेवण म्हणजे आमटी-भाकरी, आणि भाकरी कुणी केटरर करत नाही, घरटी ठरलेली असते. पायलीभर पीठ घेऊन आई आणि काकू पहाटे चारलाच चुलीपुढे, मग धडप्यात बांधून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. मुसलमान गल्लीतूनही भाकरी येतात, गावात कुणाला त्याचं काही विशेष नाही, इथं लिहितोय म्हणून मलाच वाटलं. (आमटीची तूर मात्र तालुक्याच्या किराणा दुकानातून आणली, गावात घरोघरी तूर पडलेली असताना! यावर वेगळं भांडण झालंय, असो.)

कीर्तनात महाराजांनी दामाजीपंत लावले. मंगळवेढ्याचा दुष्काळ, पंतांनी बादशहाचं कोठार लोकांना उघडून दिलं, मग विठोबा विठू महार होऊन बिदरला गेला आणि पैसे भरून पावती घेऊन आला. शंभरदा ऐकलीय ही कथा, पण यावेळी एकदम डोक्यात आलं, अरे पंतांनी घरचं वाटलंच नव्हतं की. सरकारी धान्य होतं ते! म्हणजे दान कसलं, लोकांनी पिकवलेलं लोकांना दिलं.

हेच भांडण 2001 ला सुप्रीम कोर्टात गेलं होतं. गोदामं भरून वाहतायत आणि राजस्थानात माणसं उपाशी, म्हणून पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेनं याचिका टाकली. त्यातूनच 28 नोव्हेंबर 2001 चा शाळेत शिजवलेलं जेवण द्या हा आदेश आला आणि पुढं 2013 चा अन्नसुरक्षा कायदा. महिन्याला माणशी 5 किलो धान्य, अंत्योदयच्या म्हणजे सगळ्यात गरीब घराला 35. कायद्यानं हक्काचं.

आता पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या आजींचं ऐका. भाकरी कुस्करताना हात बघितले, आयुष्यभर ऊस तोडून बोटं पार गुळगुळीत. "अंगठा घेईना बघ बाबा मशीन, रेशनवाला म्हनतो पुढच्या म्हयन्यात ये." सुनेचं नाव कार्डावर चढेना कारण इष्टांक भरलाय. हा इष्टांक म्हणजे राज्याला ठरवून दिलेला आकडा, सात कोटींच्या आसपास, तोही 2011 च्या जनगणनेवरचा. त्यानंतर जन्मलेल्यांना भूक लागत नाही बहुतेक. आणि उत्पन्नाची अट गावात वर्षाला 44 हजार, शहरात 59 हजार. शहरात महिन्याला पाच हजाराच्या आत कोण जगतं ते मला दाखवाच.

माझं म्हणणं एवढंच आहे की सप्ताह कमिटीकडं वर्गणीसाठी गावातल्या एकूणएक घराची यादी असते, कुणाकडं किती माणसं, कुणाकडून किती भाकरी, सगळं. तहसीलात रेशनचं काम बघणाऱ्या पुरवठा शाखेकडं नसेल इतकी पक्की. लॉकडाऊनमध्ये भजनी मंडळ, मशिदीची कमिटी आणि विहारातली पोरं मिळून एकच चूल चालवली होती, तेव्हाही अशीच वही केली होती, कोणाला कार्ड नाही, कोणाचं बंद पडलंय. चूल विझली आणि वही मंदिराच्या कपाटात गेली, तिथंच आहे अजून. ती काढा ना बाहेर. तिघांनी मिळून तहसीलला जा. एकटी आजी गेली तर उद्या या, आणि टाळकरी, जमात आणि विहार एकत्र दारात उभे राहिले तर साहेब खुर्ची देतात, हे मी स्वतः बघितलंय.

कमिटीतले एक दादा म्हणाले, देवाच्या कामात राजकारण नको. दादा, त्याच मंगळवेढ्यात बसवेश्वर राहिले, कष्ट करा आणि मिळालेलं सगळ्यांत वाटा, कायक आणि दासोह सांगणारे. तिथंच चोखोबांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं. कोण कुठल्या पंगतीत बसणार हे आधीपासून राजकारणच होतं की, आपण फक्त वाढप्याचं काम करत होतो.

दादा म्हणाले पुढच्या मिटिंगला बघू. बघतील तेव्हा बघतील. सोमवारी मी आजींना घेऊन तहसीलला चाललोय. मशिदीजवळचे चाचा म्हणाले त्यांच्या गल्लीतली सहा कार्डं आहेत, रिक्षा एकच करू.