बिलाच्या रांगेत अडून बसणारे : एका प्रतिक्रियेला उत्तर

बिलाच्या रांगेत वेळ लावणाऱ्यांना जरा समजून घ्या, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सुपरमार्केटच्या बिलिंग काउंटरवर पाच-दहा रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्यांना 'समजून घ्या' म्हणणं म्हणजे त्यांच्या आडमुठेपणाला खतपाणी घालणं. मागे खोळंबलेल्यांच्या वेळेला किंमत नाही का, आणि काउंटरवरच्या मुलीने बोलणी का खावीत?

बोलणी तिने मुळीच खाऊ नयेत. तिला अरेतुरे करणाऱ्याची बाजू मी लेखात घेतली नव्हती, आत्ताही घेत नाही. मी लिहिलं ते वेळ लावणाऱ्यांबद्दल. रांगेत मागे उभं राहिलं की उद्धट माणूस आणि संथ माणूस सारखेच दिसतात, गडबड तिथे होते.

आता हुज्जतीचं. फळीवर तेलाच्या पिशवीखाली ऑफरची चिठ्ठी एक भाव सांगते, बिलात दुसराच येतो. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, तिथे वीस रुपये कमी लिहिलंय." ते बहुतेकदा खोटं बोलत नसतं. ऑफर संपलेली असते आणि चिठ्ठी काढायची राहिलेली असते, नाहीतर कंप्युटरमध्ये भाव बदलायचा राहिलेला असतो. बरं, स्कॅन झालेली वस्तू बिलातून काढायचा अधिकार बऱ्याच दुकानांत त्या मुलीला नसतो. सुपरवायझर येणार, पासवर्ड टाकणार, मग ती वस्तू निघणार. आणि सुपरवायझर नेमका गोडाउनमध्ये. तोवर मागचे सगळे त्या गिऱ्हाइकाच्या पाठीकडे डोळे वटारून बघतात. दुकानाच्या व्यवस्थापकाकडे कोणीच बघत नाही, कारण तो दिसतच नाही.

पिशवीचंही तेच. सगळं बिल झाल्यावर "पिशवीचे वेगळे पैसे" असं ऐकून वाद घालणारे तुम्हाला कंजूष वाटतात. पण आधी न सांगता ऐन बिल भरायच्या वेळी पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये म्हटलं आहे. मोबाइल नंबर द्यायला नकार देणाऱ्या काकूही हटवादी नाहीत. नंबरासाठी गिऱ्हाइकांची अडवणूक करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं होतं. म्हणजे ज्यांना आपण कटकटे म्हणतो, त्यांतले काही जण नियमाने बरोबर असतात. त्यांनी ते शांतपणे सांगावं, एवढं मात्र खरं.

ट्रॉली रांगेत लावून "जरा बघा हं, तूप राहिलं" म्हणत पसार होणाऱ्यांबद्दल माझ्याकडेही सहानुभूती शिल्लक नाही. तिथे आपलं पूर्ण एकमत!

तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर मात्र मी अडून बसणार आहे. "म्हाताऱ्यांनी गर्दीच्या वेळी येऊच नये" असं तुम्ही लिहिलंत. पगार झाल्यावर पहिल्या आठवड्यात घरचं सामान भरायचं, सूनबाई-मुलगा कामावर, तेव्हा सोबत मिळते ती रविवारीच. मग पैसे कापल्याचा मेसेज आला आणि मशीनवर व्यवहार अडकला की आजोबा गोंधळणारच. तुमच्या-माझ्यासारखे सराईतही गोंधळतात. यावर दुकानालाही उपाय काढता येतो : नेदरलँड्समधल्या एका सुपरमार्केट साखळीने २०१९ मध्ये घाई नसलेल्यांसाठी, गप्पा मारत बिल करायचं असेल त्यांच्यासाठी वेगळं काउंटर सुरू केलं आणि नंतर ते बऱ्याच दुकानांत नेलं.

आणि त्या मुलीची कणव तुम्हाला खरोखर येत असेल, तर तिला खुर्ची का नाही, हेही विचारा. दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय द्यावी, असा कायदा केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये केला. पुढच्या वेळी सहापैकी दोनच काउंटर उघडे दिसले, तर पुढच्या माणसावर चिडण्याआधी व्यवस्थापकाला बोलावून तिसरं उघडायला सांगा. मी सांगते. कधी कधी उघडतातही.