एक वर्ष आणि एक दिवस

आमच्या कऱ्हाडच्या दहावीच्या बॅचचा ग्रुप एरवी वाढदिवस, कृष्णेचं पाणी आणि निवृत्त सरांच्या तब्येती यांवर चालतो. आरक्षणाचा विषय निघाला की मात्र तो रात्री दीडलाही टक्क जागा असतो. माझी तेव्हा दुपार असते, त्यामुळे भांडण मला गरमागरम मिळतं. गेल्या महिन्यात असंच पेटलं. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणावरून सुरुवात झाली, गाडी मराठा-कुणबी दाखल्यांवर आली, आणि मग आमच्यातल्या एका यशस्वी कारखानदाराने ठेवणीतलं वाक्य टाकलं: "मायामीतले क्यूबन बघा. अंगावरच्या कपड्यानिशी आले आणि शहर ताब्यात घेतलं. त्यांना कुणी आरक्षण दिलं होतं?" खाली मला टॅग करून: "तू तिथेच असतेस ना, सांग यांना."

तेरा वर्षं इथे आहे, तर सांगते.

आमच्या ऑफिसखाली क्यूबन कॉफीची एक खिडकी आहे. तिला इथे 'वेंतानिता' म्हणतात. तिथे 'कोलादा' मागितला की थर्माकोलच्या पेल्यात काळीभोर, साखर घोटलेली कॉफी येते आणि सोबत अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या कपांची चळत. कोलादा एकट्याने प्यायचा नसतो, वाटायचा असतो. दुपारी तीनला तो वर घेऊन येते ती हिशेबखात्यातली एक बाई, वय अडुसष्ट, रिटायर व्हायचं नाव नाही. मी तिला मनातल्या मनात मावशी म्हणते. १९६१ साली, चार वर्षांची असताना, ती हवानाहून आई-वडिलांबरोबर विमानाने आली. तिचे वडील सर्जन होते आणि इथे आल्यावर पहिलं वर्षभर त्यांनी एका हॉटेलात भांडी घासली.

गोष्ट इथवरच सांगितली तर आमच्या कारखानदाराचं वाक्य शंभर टक्के खरं. मावशी पुढचंही सांगते, आणि न लाजता सांगते.

क्यूबात फिदेल कास्त्रो १९५९ च्या जानेवारीत सत्तेवर आला. पहिल्या तीन-चार वर्षांत जे दोन लाखांहून जास्त लोक निघाले त्यांत डॉक्टर, वकील, साखर कारखान्यांचे मालक, बँकांचे अधिकारी यांचा भरणा होता आणि ते बहुतेक गोरे होते. शीतयुद्ध ऐन भरात होतं. कम्युनिझम सोडून पळालेला प्रत्येक माणूस म्हणजे अमेरिकेची चालतीबोलती जाहिरात. म्हणून १९६१ मध्ये केनेडी सरकारने खास क्यूबनांसाठी निर्वासित कार्यक्रम काढला. मायामीच्या मध्यवस्तीत एका वर्तमानपत्राने सोडलेली पिवळट मनोऱ्याची इमारत होती, तिथे नोंदणीच्या रांगा लागत. आज तिला फ्रीडम टॉवर म्हणतात. त्या रांगेतून महिन्याचा चेक मिळे, दवाखाना मिळे, इंग्रजीचे वर्ग मिळत, कॉलेजसाठी कर्ज मिळे आणि सरकारी गोदामातलं चीज, शेंगदाण्याचं लोणी, डबाबंद मांस मिळे. मावशीला त्या मांसाचा वास अजून नकोसा होतो. मायामी विद्यापीठाने क्यूबन डॉक्टरांसाठी खास उजळणीवर्ग काढले, कारण त्यांच्या पदव्या इथे चालत नव्हत्या. तिच्या वडिलांचे हात भांड्यांतून सुटले ते या वर्गामुळे. या सगळ्यावर जवळपास शंभर कोटी डॉलर खर्च झाले, आणि ते त्या काळातले डॉलर.

याच्यावर कळस १९६६ चा कायदा. क्यूबन माणूस अमेरिकेच्या भूमीवर आला, रीतसर दाखल करून घेतला गेला आणि राहिला की त्याला कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा, अर्ज करता येतो. आधी दोन वर्षांची अट होती, पुढे ती एकावर आली. इथे सगळे म्हणतात, 'एक वर्ष आणि एक दिवस'. छळ झाला हे एकेकट्याने सिद्ध करायची गरज नाही, नोकरी देणाऱ्या मालकाची हमी नको. दुसऱ्या कुठल्याही देशाच्या लोकांसाठी असा दरवाजा इतकी वर्षं उघडा राहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. साठच्या दशकात मायामीतल्या एक-दोन छोट्या बँकांत क्यूबन अधिकारी बसले होते. समोर येणाऱ्याकडे तारण ठेवायला दमडी नसे. पण अधिकाऱ्याला तो हवानापासून माहीत असे: याचं कापडाचं दुकान होतं, याचा शब्द खरा. त्या ओळखीवर कर्ज मिळे. त्याला 'चारित्र्यावरचं कर्ज' म्हणत. सत्तरच्या दशकात ते बंद झालं, कारण नंतर येणारे लोक त्या अधिकाऱ्यांच्या ओळखीतले नव्हते. (आपल्याकडे पतसंस्थेत 'आपला माणूस' बघून सह्या होतात, तेच हे. फक्त इथे पैसे परत आले.)

आता याच शहरातून दक्षिणेला तासभर गाडी हाका. होमस्टेडला भाजीपाल्याची शेतं लागतात. पश्चिमेला दोन तास गेलात तर इमोकाली हे टोमॅटोचं गाव. तिथे पहाटे पाचला पार्किंगमध्ये मजूर उभे असतात, मुकादम बसमध्ये भरून नेतो. मेक्सिकन आणि ग्वाटेमालातले. त्यांच्यातले काही जण स्पॅनिशही घरी बोलत नाहीत, त्यांची भाषा माया कुळातली. जनगणनेत मात्र हे आणि मावशी एकाच गटात मोजले जातात: 'हिस्पॅनिक किंवा लॅटिनो'.

ग्वाटेमाला आणि एल साल्वादोरमध्ये ऐंशीच्या दशकात यादवी चालू होती, गावंच्या गावं कापली जात होती. तिथून पळालेल्यांनी अमेरिकेत आश्रय मागितला तेव्हा १९८४ साली शंभरातल्या तिघांचेही अर्ज मंजूर झाले नाहीत. कारण साधं होतं. त्या देशांची सरकारं अमेरिकेच्या बाजूची होती, त्यांच्या अत्याचारापासून पळालेला माणूस निर्वासित ठरवला तर स्वतःचीच पंचाईत. म्हणजे एकाचं पळणं शौर्य आणि दुसऱ्याचं घुसखोरी. कष्ट दोघांनी सारखेच उपसले. टोमॅटो तोडणाऱ्याने कदाचित जास्तच.

कागद मिळाले की सगळं होतं असंही नाही म्हणा. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. तरी न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या वस्त्या पिढ्यान्पिढ्या गरीब राहिल्या. ते कारखान्यांच्या भरवशावर आले आणि पुढे कारखानेच शहर सोडून गेले. त्यांना ओळखणारा बँकेतला अधिकारीही नव्हता.

'हिस्पॅनिक' हा शब्दच सरकारी आहे. सत्तरच्या दशकात वॉशिंग्टनने तो अधिकृत केला. २०२० च्या जनगणनेत या छत्रीखाली सहा कोटी एकवीस लाख माणसं भरली. त्यांतले निम्म्याहून बरेच जास्त मेक्सिकन वंशाचे, क्यूबन जेमतेम चार टक्के. पंचविशी ओलांडलेल्या लॅटिनोंमध्ये पाचात एकाकडे पदवी असते, क्यूबनांमध्ये दहात साधारण तिघांकडे. पण व्हेनेझुएलाचे लोक घ्या, तिथे निम्म्याहून अधिक पदवीधर निघतात, आणि त्यांच्या कष्टाळूपणावर कुणी फॉरवर्ड लिहीत नाही. वयाचंही आहे. क्यूबनांचं मध्यम वय मेक्सिकन वंशीयांपेक्षा दहाएक वर्षांनी जास्त. चाळिशीतल्या माणसाचा पगार आणि घर तिशीतल्यापेक्षा मोठं असणारच, त्यात वंशाचा काय प्रताप? २०१३ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये तीन हिस्पॅनिक सदस्य होते: रुबियो, क्रूझ आणि मेनेंडेझ. तिघेही क्यूबन घरांतले. चार टक्क्यांनी सगळ्या खुर्च्या भरल्या आणि वर 'लॅटिनोंना प्रतिनिधित्व मिळालं' म्हणून टाळ्या. विद्यापीठांच्या प्रवेशातही, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने वंशाचा निकष बंद करेपर्यंत, सर्जनची नात आणि टोमॅटो तोडणाऱ्याची मुलगी एकाच खान्यात मोजली जायची. क्रीमी लेयर हा शब्द इथे कुणाला माहीत नाही. आपण या बाबतीत पुढे आहोत, हे मी आमच्या ग्रुपवर मुद्दाम सांगितलं.

उपवर्गीकरणाच्या बाजूचे मित्र हे ऐकून खूष झाले. १ ऑगस्ट २०२४ ला, नेमक्या अण्णाभाऊ साठे जयंतीच्या दिवशी, आपल्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध एक असा निकाल दिला की अनुसूचित जातींत राज्यांना उपवर्ग करता येतील. मातंग समाज अ-ब-क-ड अशा उपवर्गांची मागणी कित्येक वर्षं करतोय. एका छत्रीखाली सगळे सारखे भिजत नाहीत, हे मायामीत राहून मला पटलंय. पण छत्री उघडून आत बघायचं ठरवलं की सोयीच्या ठिकाणी थांबता येत नाही. कारण क्यूबनांच्या आतही पुन्हा तेच आहे.

१९८० मध्ये क्यूबातल्या मारिएल बंदरातून सव्वा लाख लोक बोटींनी आले. कामगार होते, काळे क्यूबन पहिल्या लाटेपेक्षा बरेच जास्त होते, आणि कास्त्रोने तुरुंगांतले काही त्यांत घुसवले होते. आधी येऊन स्थिरावलेल्यांनीच त्यांना 'मारिएलितो' म्हणून हिणवलं. १९९४ मध्ये तराफ्यांवरून आणखी हजारो आले. आज १९८० च्या आधी आलेल्यांच्या घरांत आणि नंतर आलेल्यांच्या घरांत उत्पन्नाचा जो फरक आहे तो डोळ्यांना दिसतो. मायामीलगतच्या कोरल गेबल्सच्या वडांखालचे बंगले बघा आणि मग हायालियातली दुमजली भाड्याची घरं बघा. दोन्हीकडे खिडकीत तोच कोलादा मिळतो.

आमच्या मजल्यावर संध्याकाळी साफसफाईला येणारी मुलगी हायालियात राहते. क्यूबातल्या मातान्सासची आहे, तिथे शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. २०२२ मध्ये निकाराग्वामार्गे, मेक्सिकोतून चालत सीमेवर आली. तिथे अधिकाऱ्याने तिच्या हातात जो कागद ठेवला त्याचा नंबर आय-२२०ए. तिच्या चुलतभावाला त्याच आठवड्यात, त्याच सीमेवर दुसरा कागद मिळाला. कुणाला कोणता, याला काही नियम दिसत नाही, टेबलावर कोण बसलं होतं एवढंच. भावाच्या कागदाला 'पॅरोल', म्हणजे रीतसर दिलेला तात्पुरता प्रवेश, मानतात, म्हणून एक वर्ष आणि एक दिवसाने त्याला ग्रीन कार्डाचा अर्ज करता आला. तिच्या कागदाला मानत नाहीत, असं इमिग्रेशनच्या अपील मंडळाने २०२३ मध्ये ठरवलं. भावाने टेस्ला घेतली. ती आमचे कचऱ्याचे डबे उचलते आणि कोर्टाच्या तारखेला जाते. १९६६ चा कायदा अजून जिवंत आहे, क्यूबनही तीच आहे, आणि तरीही.

मावशी तिला रोज कोलादातला एक कप ठेवते. एकदा मला म्हणाली, "आम्ही स्वातंत्र्यासाठी आलो, हे लोक पैशासाठी येतात." हे वाक्य मायामीत इतकं ऐकू येतं की ते नवीन वाटत नाही. मी फक्त विचारलं, तुझ्या घरी तो महिन्याचा चेक किती वर्षं येत होता? ती हसली. चेकच्या दिवशी आई लिपस्टिक लावायची, म्हणाली.

आता माझ्याबद्दल. मी एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर आले, ग्रीन कार्डाची फाइल २०१५ ची, नंबर अजून लागलेला नाही. भारतीयांची रांग लांब, कारण वर्षाच्या ग्रीन कार्डांतली प्रत्येक देशाला कमाल सात टक्के, मग देश गोव्याएवढा असो की भारताएवढा. क्यूबनांचा एक वर्ष आणि एक दिवस ऐकून पोटात दुखतं, खोटं का बोला. पण अमेरिकेतले भारतीय सगळ्यांत श्रीमंत वंशगट म्हणून आम्ही मराठी मंडळाच्या गणपतीत जी भाषणं करतो, ती ऐकताना आता मला दुसरीकडे बघावंसं वाटतं. आम्हाला तर व्हिसाने चाळून आणलंय. पदवी नसलेला इथे फारसा आलाच नाही, मग सरासरी खाली येईल कशी? आणि माझी ती पदवी सरकारी कॉलेजातली. वर्षाची फी वडिलांच्या एका पगारात भागायची.

कारखानदाराने पुढचं अस्त्र काढलं: उल्हासनगरचे सिंधी. त्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या बराकींत संसार मांडणं खायचं काम नव्हे. पण त्या बराकी होत्या. दिल्लीत पुनर्वसनाचं मंत्रालय होतं, १९५४ चा भरपाईचा कायदा होता, तिकडे सोडलेल्या घरादाराचे क्लेम भरता येत होते. ते अपुरे असतील, उशिरा मिळाले असतील, पण देशाने त्यांना निर्वासित म्हणून मोजलं. त्याच राज्यात कोयनेचं धरण झालं. त्याच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांतली माणसं रायगड, सोलापूर, सांगलीपर्यंत पांगली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ मध्ये, गावं बुडून दहाहून जास्त वर्षं उलटल्यावर. ती माणसं आजही जमिनीसाठी आंदोलनाला बसतात. मुंबईच्या गोदीत आणि गिरण्यांत घाम गाळलेल्या या लोकांना आळशी म्हणायची हिंमत आमच्या ग्रुपवर कुणी करेल का, असं मी विचारलं.

सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज झाला. कारखानदाराने अंगठा टाकला आणि लिहिलं, "गाडीत आहे, ऐकतो नंतर." पुढे कुणीतरी सरांच्या बायपासचा फोटो टाकला आणि विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कधीच न बोलणाऱ्या एकाचा वेगळा मेसेज आला. मागच्या बाकावर बसायचा, आता पाटणला एसटीत आहे. त्याचं मूळ गाव कोयनेच्या पाण्यात आहे हे मला शाळेत असताना माहीतच नव्हतं. त्याने लिहिलं होतं: "अंगावरच्या कपड्यानिशी कसले. आजोबा सांगायचे, पाणी चढायच्या आत घराचे वासे आणि चौकटी आपल्या आपण उपसून न्यायला लावल्या. पुढचा दरवाजा त्यांनी डोक्यावर घेतला होता. नवीन जागी तीन पावसाळे भिंतच नव्हती, मग तो नुसताच झाडाला टेकवून ठेवलेला."