फी भरली म्हणजे नाला आपला?

एमआयडीसीतल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यातले दोघे माझेच क्लायंट. सार असं: प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती फी म्हणजे पैसे घेऊन विकलेला प्रदूषणाचा परवाना, ती एकदा भरली की पाणी सोडायचा हक्क मिळाला, पैसा जातो सरकारी तिजोरीत, म्हणजे हा छुपा करच, सीईटीपीची (सगळ्या वसाहतीच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची) वर्गणी भरणाऱ्याकडून तेच पैसे दुसऱ्यांदा उकळतात, चार महिन्यांत मंडळाचं उत्तर आलं नाही तर संमती आपोआप मिळते, तेव्हा गप्प बसा, आणि नगरपालिकांना यातलं काहीच लागू नाही, भरडला जातो तो छोटा उद्योजक. खाली नेहमीप्रमाणे 'सगळ्या ग्रुपवर पाठवा'.

माझा स्वार्थ आधीच सांगून टाकतो. कारखानदारांसाठी या संमतीच्या फायली करूनच माझं घर चालतं. उद्या संमतीची भानगड संपली तर मला दुसरा धंदा शोधावा लागेल. पण हा मेसेज वाचून एखाद्याने खरंच गप्प बसायचं ठरवलं, तर त्याच्या वीजजोडणीवर गदा येईल आणि मग फोन मलाच येईल. म्हणून हे लिहितोय.

परवाना विकल्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीचा मेसेज त्याच्यावरच उभा आहे. 1974 च्या पाणी कायद्याचं कलम 25 सांगतं की सांडपाणी बाहेर पडण्याची शक्यता असलेला कारखाना उभा करायचा असेल तर मंडळाची आधी संमती घ्या. फी जाते अर्जासोबत. त्यानंतर मंडळ चौकशी करतं, अटी घालतं किंवा कलम 27 खाली सरळ नकार देतं. दहावीच्या बोर्डाची फी भरली म्हणून कोणी पास होत नाही. या बोर्डाचंही तसंच आहे. संमतीपत्र हातात आल्यावर त्यातली पहिली दोन पानं वाचा. तुम्ही किती पाणी सोडू शकता, कुठे सोडू शकता आणि त्यात काय किती असलेलं चालेल, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. त्याला हक्क म्हणायचं असेल तर म्हणा. माझ्या लेखी ती मर्यादा आहे.

भोसरीतल्या एका प्लेटिंग शॉपचं (धातूच्या वस्तूंवर क्रोमचा मुलामा चढवणाऱ्या कारखान्याचं) उदाहरण देतो, कारण तिथे हे डोळ्यांना दिसतं. क्रोमच्या टाकीतून जॉब काढून धुतला की धुण्याचं पाणी पिवळं होतं. तो पिवळा रंग हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचा, सगळ्यांत विषारी प्रकार. त्यात आधी ॲसिड घालून पीएच खाली आणायचा, मग मेटाबायसल्फाइट टाकायचं. ढवळता ढवळता पिवळं पाणी हिरवट होतं. मग चुन्याची निवळी, गाळ खाली बसतो, फिल्टर प्रेसमधून त्याच्या वड्या निघतात आणि त्या पोत्यांत भरून घातक कचऱ्याच्या प्रकल्पाकडे पाठवायच्या. हे सगळं नीट झालं तरच नाल्यात सोडायच्या पाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या आत राहतो. मेटाबायसल्फाइटचं पोतं संपलं आणि मालक गावाला गेलेला असला की पाणी पिवळंच बाहेर पडतं. फील्ड ऑफिसर नेमका त्याच दिवशी आला तर नमुना तुमच्यासमोर घेतो, तुमच्यासमोर त्याचे दोन भाग करतो, दोन्ही सील करून त्यावर सह्या होतात. तो जार लॅबमध्ये गेल्यावर तुम्ही फी भरली होती की नाही, हे कोणी विचारत नाही.

प्रदूषणाची खरी किंमत वसूल करणं कसं असतं, तेही बघून घ्या. जर्मनीत 1976 चा सांडपाणी आकार कायदा आहे आणि 1981 पासून तिथे प्रत्यक्ष वसुली होते. नदीत सोडलेल्या पाण्यात सीओडी (पाण्यातली घाण मोजायचं एक माप) किती, फॉस्फरस, नायट्रोजन, पारा, कॅडमियम किती, यावरून 'हानी एकक' काढतात आणि एककाला वर्षाला 35.79 युरो आकारतात. तिथे घाण कमी केली की बिल कमी होतं. आपल्याकडची संमती फी अशी नाहीच. ती ठरते तुमच्या भांडवली गुंतवणुकीवर. सीएच्या सर्टिफिकेटवर जमीन, इमारत आणि यंत्रसामग्री मिळून जो आकडा येतो, त्याच्या टप्प्यानुसार फी. पाण्यातल्या घाणीशी तिचा थेट संबंधच नाही, मग ती घाणीची किंमत कशी होईल? मेसेज लिहिणाऱ्याला हे कळलं असतं तर त्याने जास्त चांगला मेसेज लिहिला असता. त्याकडे शेवटी येतो.

मेसेजने वेगवेगळे पैसे एकाच पिशवीत कोंबलेत, त्यातल्या दोन प्रकारांवर इथेच बोलून घेतो. 'मंडळाने माझ्याकडून अमुक लाख घेतले' असं सांगणाऱ्याची कागदपत्रं बघितली तर निम्म्या वेळा ती बँक गॅरंटी निघते. ती फी नाही. अटी पाळल्या तर ती परत मिळते, मोडल्या तर जप्त होते. दुसरी पर्यावरणीय नुकसानभरपाई. तिचं केंद्रीय मंडळाने ठरवलेलं सूत्र असं: प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयातला गुणक, उद्योगाचा आकार आणि शहराची लोकसंख्या यांचा गुणाकार. लाल गटासाठी, म्हणजे सगळ्यांत जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांसाठी, निर्देशांक 80, गुणक साधारण 250 रुपये, लघुउद्योगासाठी 0.5 आणि दहा लाखांहून मोठ्या, पन्नास लाखांच्या आतल्या शहरासाठी 1.25. वरच्या प्लेटिंग शॉपला लावून बघा: दिवसाला 12,500 रुपये. तीस दिवस पिवळं पाणी सोडलं तर पावणेचार लाख. फीने खरंच सूट मिळत असती तर हे सूत्र कागदावर आलंच नसतं. अशी भरपाई लावायचा अधिकार मंडळांना आहे का, यावर बरीच वर्षं वाद होता. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात पाणी कायद्याचं कलम 33अ आणि हवा कायद्याचं कलम 31अ यांच्या आधारे तो आहे असं स्पष्ट केलं. उलट 2024 मध्ये जळगावच्या एका कारखान्यावरचा 25 कोटींचा दंड त्याच न्यायालयाने रद्द केला. उलाढाल किती यावरून दंड ठरवता येत नाही, असं कारण दिलं. म्हणजे न्यायालयं उद्योजकाचं ऐकतात, फक्त मुद्दा नीट मांडावा लागतो.

आता 'छुपा कर'. कर आणि फी यांतला फरक आपल्याकडे 1954 च्या शिरूर मठ खटल्यापासून शिकवला जातो (पुणे जिल्ह्यातलं शिरूर नव्हे, हा मठ उडुपीचा). कर सर्वसाधारण तिजोरीत जातो, फी एका विशिष्ट कामासाठी घेतली जाते. पाणी कायद्याच्या कलम 37 नुसार राज्य मंडळाचा स्वतःचा निधी असतो आणि फीची रक्कम त्या निधीत जमा होते. मंत्रालयाच्या तिजोरीत ती जात नाही. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुधा जुना पाणी उपकर राहून गेलाय. 1977 च्या कायद्याने उद्योग आणि स्थानिक संस्थांकडून वापरलेल्या पाण्यावर हजार लिटरमागे काही पैसे असा उपकर घेत. तो मात्र खरोखर कर होता आणि भारताच्या एकत्रित निधीत जमा व्हायचा. जीएसटी आल्यावर 1 जुलै 2017 पासून तो बंद झाला. आज तुमच्याकडून कोणी पाणी उपकर मागत असेल तर आधी त्याचं ओळखपत्र मागा.

पण मंडळाच्या निधीत जमा झालेला पैसा तपासणीवर पुरेसा खर्च होतो का? नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. देशभरच्या मंडळांतल्या रिकाम्या जागांवरून न्यायालयांनी वारंवार सुनावलंय. एका अधिकाऱ्याच्या गळ्यात शेकडो कारखाने असतात, तो तुमच्याकडे वर्षातून एकदा आला तरी नशीब. हा राग खरा आहे. फक्त तो 'फी बंद करा' असा निघाला तर उलटा बसतो, कारण फी बंद झाली की ज्याच्याकडे आज ईटीपी (कारखान्याचा स्वतःचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प) चालू आहे तो आणि ज्याने मागच्या भिंतीतून पाइप काढलाय तो, दोघे एकाच पंगतीत बसतील.

सीईटीपीच्या 'दुहेरी वसुली'वर जास्त लिहायची गरज नाही. सीईटीपीची वर्गणी म्हणजे तुमचं पाणी दुसऱ्याने साफ करून दिल्याची मजुरी. बहुतेक ठिकाणी तो प्रकल्प चालवणारी सोसायटी किंवा कंपनी उद्योजकांचीच असते. तारापूर, लोटे परशुराम, इचलकरंजी, कुठेही विचारा. आणि त्या सीईटीपीलाही मंडळाची संमती घ्यावीच लागते. तुमच्याकडून प्राथमिक प्रक्रिया केलेलं पाणी त्यांना हवं असतं. ॲसिडचं पाणी थेट लाइनीत सोडलंत तर त्यांचे जिवाणू मरतात आणि मग सगळ्या वसाहतीचा नमुना फेल जातो. सुताराची मजुरी दिली म्हणून इमारतीच्या परवानगीचे पैसे दुसऱ्यांदा घेतले असं म्हणणं जेवढं खरं, तेवढंच हे खरं.

चार महिन्यांचा मुद्दा सगळ्यांत घातक, कारण तो निम्मा खरा आहे. कलम 25(7) मध्ये तशी तरतूद आहे: मुदतीत संमती किंवा नकार आला नाही तर संमती मिळाली असं मानायचं. मात्र मुदत मोजायची ती सर्व बाबतींत पूर्ण असलेल्या अर्जापासून. सीएचं सर्टिफिकेट जुनं, पाण्याचा ताळेबंद जुळत नाही, फी एका टप्प्याने कमी, यातलं काहीही असलं की अर्ज अपुरा आणि घड्याळ सुरूच झालेलं नाही. माझ्या हातून गेलेल्या फायलींत पहिल्या फटक्यात पूर्ण असलेली फाइल मी बोटांवर मोजू शकतो, आणि हे मी माझ्याच कामाविषयी सांगतोय. दुसरं म्हणजे ही सोय पाणी कायद्यात आहे. हवा कायद्याच्या कलम 21 मध्ये मंडळाने चार महिन्यांत निर्णय द्यावा असं म्हटलंय, पण न दिल्यास संमती मानायची असं म्हटलेलं नाही. बॉयलर किंवा भट्टी असेल तर तुमच्याकडे अर्धीच मानीव संमती आहे. आणि तिसरं, मानीव संमतीने फक्त कारखाना चालवता येतो. ओढ्यात किंवा विहिरीत घाण सोडायला बंदी घालणारं कलम 24 आणि पर्यावरण कायद्याखालची सांडपाण्याची मानकं संमती असो वा नसो, लागूच राहतात. मंडळाने कलम 33अ खाली बंदचा आदेश काढला की वीज आणि पाणी दोन्ही तोडता येतात. एकाने मागे 'चार महिने झाले' म्हणून नवी लाइन चालू केली होती. महावितरणचा माणूस मीटरपाशी उभा होता तेव्हा त्याने मला फोन केला. अर्ज उघडून पाहिला तर पाण्याच्या रकान्यात दिवसाला पाच घनमीटर लिहिलेलं, आणि जोडलेल्या बिलात त्याच्या तिप्पट.

नगरपालिकांबद्दल मात्र मेसेज वाचून मला हसू आलं. कलम 25 मध्ये घरगुती सांडपाणीही येतं. महापालिकेच्या एसटीपीलाही (मैलापाणी प्रक्रिया प्रकल्पालाही) संमती लागते. फेब्रुवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर कारखान्यांना ईटीपीशिवाय चालू देऊ नका असं सांगितलं, त्याच निकालात स्थानिक संस्थांनाही मैलापाणी प्रक्रियेसाठी तीन वर्षांची मुदत दिली. ती पाळली गेली नाही. सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांडपाणी आणि घनकचरा मिळून महाराष्ट्र राज्यावर 12,000 कोटींची भरपाई लावली. कायदा लागू नाही हे म्हणणं म्हणून चुकीचं. कायदा वापरला जातो का, हा वेगळा प्रश्न. पंचगंगेच्या काठावरच्या माणसाला तो विचारून बघा, आणि जेवणाची वेळ टाळून विचारा.

'छोटा उद्योजक भरडला जातो' हा सूर त्या एका वाक्यापुरता आहे. मार्च 2016 मध्ये केंद्राने उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा असे गट केले, तेव्हा 36 प्रकारचे उद्योग पांढऱ्या गटात गेले आणि त्यांची संमतीतून सुटका झाली. फक्त मंडळाला कळवायचं. नोव्हेंबर 2024 च्या अधिसूचनेने ही सूट पक्की झाली. शिवाय लाल गटापेक्षा नारिंगीला आणि नारिंगीपेक्षा हिरव्याला संमतीची मुदत जास्त ठेवली. मेसेज लिहिणारा बहुतेक 2016 च्या आधी कुठेतरी अडकलाय.

आता तो चांगला मेसेज, जो कोणी लिहिला नाही. फी गुंतवणुकीवर ठरते, म्हणून नव्या प्लास्टिकचे दाणे वितळवून डबे काढणारा हिरव्या गटातला माणूस, ज्याची परदेशी मशिनं आठ कोटींची आहेत, तो वीस लाखांच्या टाक्या मांडून क्रोम प्लेटिंग करणाऱ्यापेक्षा वर्षाला जास्त फी भरतो. एकाच्या पाण्यात कूलिंगशिवाय काही नाही, दुसऱ्याच्या पाण्याने मासे मरू शकतात. मशिन सुधारलं, पाणी निम्म्यावर आणलं, तर गुंतवणूक वाढली म्हणून फीही वाढते! ईटीपीवरचा खर्चसुद्धा कित्येकांच्या सर्टिफिकेटमध्ये भांडवलात धरलेला मी पाहिलाय. भार मोजा, त्यावर फी लावा, ही मागणी उद्योजकांच्या संघटनेने लेखी करावी. मी मसुदा फुकट करून देईन.

हे सगळं मी त्या प्लेटिंगवाल्या काकांना फोनवर सांगितलं. मेसेज पाठवणाऱ्या तिघांतले ते एक. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते जाऊ दे रे, माझ्या नूतनीकरणाचं कुठवर आलं?"

"काका, तुमच्या सीएचं सर्टिफिकेट मागच्या वर्षीचं आहे. अर्ज अजून टाकलेलाच नाही."

"मग ते चार महिने?"

"अजून सुरूच झाले नाहीत."