आम्ही लावलेले दिवे

परवा प्रयोग संपल्यावर दिग्दर्शकाने पडदा पुन्हा उघडायला लावला आणि प्रेक्षकांची माफी मागितली. माझ्या वतीने. "दुसऱ्या अंकात दिव्यांच्या बाजूने जरा गडबड झाली, त्याबद्दल क्षमस्व," असं म्हणत त्याने हात केला तो नेमका मी उभा होतो त्या विंगेकडे. पहिल्या रांगेतल्या दोघांनी मान वाकडी करून पाहिलंही. वीस वर्षं दिव्यांच्या मागे काढली. माझ्यावर पहिल्यांदा प्रकाश पडला तो असा.

"काय दिवे लावलेस" हे मी शाळेपासून ऐकत आलोय. पण माझं पोट त्यावरच चालतं, त्यामुळे ते वाक्य कानावर आलं की कौतुक आहे की कसं, हे मला अजूनही क्षणभर कळत नाही. परवा कळलं.

झालं असं. दुपारी चार वाजता सात नंबरचा फ्रेनेल लागेना. फ्रेनेल म्हणजे भिंगाचा झोतदिवा, हा हजार वॅटचा. शेतातल्या प्रवेशाचं भर दुपारचं ऊन त्या एकट्याच्या जिवावर. शिडी लावली, प्लग काढला, वर चढलो. इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग दाजी आले.

दाजी म्हणजे निर्मात्यांच्या बहिणीचे यजमान. निर्माते त्यांना दाजी म्हणतात म्हणून अख्खी मंडळी दाजी म्हणते. नाटकात त्यांचं नेमकं काम काय, हे कुणी त्यांना विचारलेलं नाही. विचारलं तर ते सांगतील, ही भीती.

"मी शिडी धरतो," दाजी म्हणाले आणि एका हाताने त्यांनी शिडी धरली. दुसरा हात नव्या बल्बच्या खोक्यात गेला.

"दाजी, त्याला हात नका लावू. मोजे घालून धरायचा असतो तो."

"हात न लावता धरायचा? सोवळ्यातला आहे का?"

"तसंच समजा. बोटाचा ठसा उमटला की बल्ब तिथूनच जातो."

"हा पेटला की तापतो किती?"

"काच अडीचशे अंशांच्या वर जावीच लागते. नाहीतर आतलं चक्र फिरत नाही."

"मग माझा ठसा जळून जाईल की रे!"

शिडीच्या सातव्या पायरीवर उभं राहून हॅलोजनचं रसायनशास्त्र शिकवायची वेळ वैऱ्यावर येऊ नये. तरी शिकवलं. आतली टंगस्टनची तार तापते, तिचे कण उडतात, हॅलोजन वायू त्यांना काचेजवळ गाठतो आणि पुन्हा तारेवर आणून सोडतो. म्हणून काच काळी पडत नाही. "उडालेला माल आपण होऊन परत येतो?" दाजींचा आवाज हळवा झाला. "आमच्याकडे नाही असं काही होत." मी पुढे रेटलं. काच साधी नसते, क्वार्ट्झ असते. बोटावरचं मीठ आणि तेलकटपणा तिच्यावर राहिला की त्या उष्णतेत तेवढी जागा पांढुरकी पडते, मग फुगते, मग एखाद्या प्रयोगात फुटते.

"माझ्या बोटाला मीठ?"

दाजी दुखावले होते. त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट तोंडात घातलं, नीट चव घेतली, डोळे मिटले, आणि निकाल दिला.

"अळणी आहे."

आणि त्याच ओल्या बोटाने बल्ब उचलून, वर अंगठ्याने दोनदा चोळून, तो त्यांनी माझ्यापुढे धरला. "इथे डाग होता. पुसला."

खाली उतरलो. स्पिरिट शोधलं, सुती फडकं शोधलं, बल्ब पुसला, पुन्हा चढलो. या सगळ्या वेळात दाजींनी तीनदा विचारलं, "चालू करून बघू का?" त्यातलं एकदा माझी दोन बोटं होल्डरमध्ये होती. प्लग काढलेला नसता तर या जागी दुसऱ्या कुणीतरी माझ्यावर चार बरे शब्द लिहिले असते. लोक हसतात, पण "चालू करून बघू का" हा प्रश्न मला आजही हसण्यासारखा वाटत नाही.

आता खरी गोष्ट. बल्बचा दोष नव्हताच. जुना बल्ब काढला तेव्हा त्याचे दोन्ही पाय काळे पडलेले आणि देवीचे व्रण असावेत तसे खड्डे खड्डे झालेले. बल्बचे पाय असे दिसले की समजायचं, होल्डर गेलाय. आतल्या स्प्रिंगा तापून तापून सैल पडतात, पाय घट्ट धरला जात नाही, त्या फटीत बारीक ठिणग्या उडत राहतात, आणि ठिणगीने जागा आणखी तापते. नवा बल्ब घाला, तो होल्डर त्यालाही खाणार. उलटही तसंच आहे: नव्या होल्डरमध्ये जळक्या पायांचा बल्ब घातलात तर होल्डर नासतो. दोघं एकदम बदलायचे असतात.

होल्डरच्या मागे वायर बघितली तर माझ्या आधीच्या कुणा थोर आत्म्याने तिथे घरातल्या पंख्याची असते तशी साधी वायर जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. तसलं प्लॅस्टिक सत्तर अंशांपर्यंतचं असतं. पट्टीचा डिंक झाला होता, आणि वायरचं कवच चिमटीत धरल्याबरोबर पापडीसारखं मोडलं. तिथे सिलिकॉनची किंवा काचेच्या धाग्याची स्लीव्ह असलेली वायर लागते. त्या धाग्याचीही एक गंमत आहे. जुनी स्लीव्ह विसविशीत होते, तिची कुसं मनगटात घुसतात आणि दोन दिवस खाज जात नाही. हा लेख मी डाव्या हाताने खाजवत लिहितोय. (फारच जुन्या दिव्यात ॲस्बेस्टस असू शकतं. तिथे मात्र खाजवायलाही जाऊ नका, दिवा तसाच बंद करून ठेवा.)

या सात नंबरचा होल्डर मी तीनदा मागितलाय. निर्मात्यांच्या वहीत बल्ब "खर्च" या खात्यात येतो, तो लगेच मिळतो. होल्डर येतो "दुरुस्ती"त, आणि दुरुस्तीला मंजुरी लागते. म्हणजे चार महाग बल्ब जळाले तरी त्यांची हरकत नाही, पण एक स्वस्त होल्डर बदलणं ही उधळपट्टी. वर "आता सगळं एलईडी करून टाकू" हे ऐकायचं. करा की. त्यातल्या पंख्यात धूळ बसली की तेही तापून बसतात, आणि ती धूळ काढायलाही शिडीवर मीच चढणार.

पूर्वीच्या लोकांचं बरं होतं असंही नाही. विजेच्या आधी रंगमंचावर चुन्याचे दिवे असत. खरोखरचा चुना. ऑक्सिजन आणि हायड्रोजनची ज्योत चुन्याच्या कांडीवर सोडायची की ती लखलखते. लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये १८३७ साली हा प्रकार सुरू झाला. ज्योतीने कांडी झिजत जाई, म्हणून प्रत्येक दिव्यापाशी एक माणूस ती फिरवत उभा. म्हणजे तेव्हा दिव्याला चुना लावत. आता दिवेवाल्याला लावतात.

आणि १८८१ मध्ये लंडनच्याच सॅव्हॉय थिएटरात विजेचे सुमारे बाराशे दिवे आले, तेव्हा लोक घाबरले, आग लागेल म्हणून. निर्माता रिचर्ड डॉयली कार्ट स्वतः रंगमंचावर आला आणि त्याने पेटता बल्ब कापडात गुंडाळून सगळ्यांसमोर फोडून दाखवला. निर्मात्याने बल्ब फोडला आणि तो इतिहास झाला. आमचा नुसता गेला आणि माफी मागावी लागली.

तर बल्बचे पाय घासले, स्प्रिंगा पक्कडीने जरा आवळल्या, वायरचा तुकडा बदलला. हे तात्पुरतं आहे, असं दिग्दर्शकालाही सांगितलं. तो म्हणाला, "आज निभावलं म्हणजे झालं."

पहिला अंक निभावला. दुसऱ्या अंकात, भर दुपारच्या त्या शेतात, नायिका आपल्या मनातलं सांगायला तोंड उघडते आणि वरून किर्रर्र. ऊन लुकलुकायला लागलं. नायिकेने वर पाहिलं. नायकाने वर पाहिलं. मग खट्, आणि सूर्य गेला. रंगमंचावर पाच सेकंद निळसर काळोख. त्या काळोखात, उघड्या शेतात उभ्या असलेल्या आमच्या नायकाला प्रसंगावधान सुचलं:

"लाइट गेली वाटतं!"

अख्ख्या नाटकातला सर्वांत मोठा हशा त्या वाक्याला पडला. मी शेजारचे दोन दिवे चढवून दुपार कशीबशी परत आणली, पण ती आता संध्याकाळसारखी दिसत होती. नायक मात्र खूश. पुढच्या प्रयोगात हे वाक्य ठेवायचं का, अशी विचारणा त्याने केली आहे.

माफीनामा झाल्यावर मी विंगेतून बाहेर आलो तर दाजींभोवती सात-आठ जणांचा घोळका. दाजी समजावून सांगत होते, "क्वार्ट्झ असते ती. बोटाला मीठ असतं आपल्या. मी खालून ओरडत होतो, अरे हात लावू नकोस, हात लावू नकोस. पण ऐकेल तर शपथ."

दुसऱ्या दिवशी सात नंबर उघडला. होल्डरचा अर्धा भाग हातातच आला. तो कागदावर ठेवून निर्मात्यांच्या टेबलावर नेला आणि म्हटलं, आता तरी नवा होल्डर मागवा. त्यांनी तो तुकडा पेनाने थोडा ढकलला, वास घेतला, आणि वहीत लिहिलं: बल्ब, दोन.

"आणि होल्डर?" मी विचारलं.

शेजारच्या खुर्चीतून दाजी म्हणाले, "होल्डर कशाला? शिडी धरायला मी आहे की."