दोन दारं, चार सीटा आणि उसाचं बिल

जुनी स्पोर्ट्स कूपे, म्हणजे दोन दारांची बुटकी पळणारी मोटार, घ्यावी की नको, असं विचारत तुम्ही आलात म्हणजे घ्यायचं ठरलेलं आहे. नको म्हणणारा माणूस तुम्हाला हवाच असता तर तो घरात होता. सकाळच्या चहाबरोबर फुकट मिळतो. तेव्हा मी काही आडवा येत नाही. ठरलेल्या लग्नात पत्रिका कशी जुळवून घ्यायची, तेवढं सांगतो.

आधी पैशाचं. बेदाणा बऱ्या भावानं गेला, उसाचं बिल जमा झालं, की सांगली जिल्ह्यातला शहाणा माणूस ठिबक बदलतो, नाहीतर पोरीच्या नावावर ठेव टाकतो. तुम्ही तसले नाही, म्हणून तर मला आवडता. तुम्ही रात्री अकराला अंथरुणात, फोनचा उजेड कमी करून, २०१० सालची लाल ऑडी टीटी बघत असता. टीटी हे नाव आईल ऑफ मॅन बेटावरच्या टुरिस्ट ट्रॉफी शर्यतीवरून आलंय, हे घरात आधीच सांगून ठेवा. नाहीतर ‘टीटी घेतोय’ म्हटल्याबरोबर आई विचारणार, “गंजकं काय लागलं रे?” तिचा प्रश्न तसा अगदीच चुकीचा नाही.

एके काळी साहेबलोकांनी घेतलेली गाडी आता साध्या नव्या गाडीच्या पैशात मिळते, हा तुमचा मुख्य मुद्दा. बिनतोड आहे. गाडीची किंमत उतरली. सुट्या भागांना मात्र ते अजून कुणी कळवलेलं नाही. पण हा विचार आत्ता करायचा नसतो, पहिला हेडलाइट फुटल्यावर करायचा असतो.

विकणारा सांगेल, मालक परदेशी चाललेत. विश्वास ठेवा. २०१० च्या गाडीची नोंदणी १५ वर्षांची, ती २०२५ ला संपली. पुढं पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं तर २०२२ पासून साध्या मोटारीला ५,००० रुपये आणि आयात केलेल्या चारचाकीला ४०,००० रुपये फी आहे, वर पर्यावरण कर. मालकांना परदेश नेमका त्याच सुमारास आठवला हा निव्वळ योगायोग. असे योगायोग मोजत बसलं तर माणसानं बैलगाडीसुद्धा घेऊ नये.

टायरकडे बघू नका. बघितलंच तर नक्षी बघा, ती छान असते, कारण गाडी चाललेलीच नसते. टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे असतात. २३१४ लिहिलं असेल तर तो टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. आज तुमच्या धाकट्याच्या वर्गात शोभला असता. गिअरबॉक्सचंही तेच. सहा गिअरच्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समधलं तेल साधारण ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. बदललं का, असं विचारलंत तर विकणारा तुमच्याकडे असं बघेल, जणू तुम्ही मुलीचं वय विचारलं. नका विचारू. आणि गाडीचे पैसे देऊन झाल्यावरच मिस्त्रीला न्या. माझा मिस्त्री मिरजेचा. त्यानं स्कॅनर लावला, बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “दादा, गाडी झकास हाय. फकस्त इंजन, गिअरबॉक्स आन वायरिंग तेवढं बघून घ्या.”

हो, माझीही आहे. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नव्हता.

पुण्यात एका सोसायटीच्या तळघरात ती उभी होती. नंबर एमएच १०. एजंट म्हणाला, “सर, तुमच्याच गावचा नंबर!” आणि मी तिथंच अर्धा विकला गेलो. कागद बघितले. पहिला मालक सांगलीचा, दुसरा पुण्याचा, नाव बदलल्याची तारीख नोव्हेंबर २०१९. आता ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती आणि धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, हे सांगलीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक. आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर त्या पाण्याची रेघ अजून आहे, दोनदा रंग देऊनही वर येते. तरी ती तारीख वाचून माझ्या मनात आलं ते एवढंच, की वा, दिवाळी झाल्या झाल्या घेतली वाटतं.

पुरातली गाडी ओळखायची सोपी रीत आहे: सीटबेल्ट ओढायचा, अगदी संपेपर्यंत. धुणारे लोक सीटा धुतात, गालिचे बदलतात, आत मोगऱ्याचा सेंट मारतात. गुंडाळीत बसलेला पट्टा मात्र तसाच राहतो. मी ओढला. हातभर काळा पट्टा आला, मग जरा मळका, आणि शेवटच्या वितीत एक तपकिरी रेघ. आडवी, सरळ, आमच्या जिन्यावर आहे तशीच. स्टेपनीच्या खळग्यात बोट घातलं तर नखात माती आली. काळी, चिकट, बारीक. वास घ्यायचीही गरज नव्हती, ती मळी मी आठ दिवस फावड्यानं ओढली होती.

दुसरा कुणी तिथून उठला असता. मला गहिवरून आलं. पुरात बुडालेली आपल्या गावची लेक, पुण्यात न्हाऊनमाखून माहेरी यायचं म्हणते, तिला नको कसं म्हणायचं? शिवाय नंबर आपलाच, म्हणजे कागदांची कटकट नाही, हेही गणित मी केलं. कटकट झालीच. नंबर इथला असला तरी तिची नोंद पुण्याच्या आरटीओकडे गेलेली. फॉर्म २८ भरून एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, मग नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. माहेरी यायला तिला दोन महिने लागले.

पेट्रोलबद्दल तुम्ही विचारणारच. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. २०१० च्या गाडीचे रबरी पाइप आणि ओ-रिंगा त्या हिशेबानं केलेल्या नाहीत. पण इथेनॉल कशाचं? त्यात उसाचंही आलंच. म्हणजे तुमच्या उसाच्या बिलातून गाडी येणार आणि तुमचाच ऊस तिच्या टाकीत जाऊन पाइप कुरतडणार. याला काही लोक तोटा म्हणतील. मी शेतमालाला हक्काचं गिऱ्हाईक म्हणतो.

घरच्यांच्या सोयीचं फार मनावर घेऊ नका. मागं दोन सीटा आहेत, त्यांवर बेदाण्याच्या पेट्या नीट बसतात. माणसं बसत नाहीत. आईला पुढं बसवून गणपतीच्या देवळात नेलं, ती बसली छान. उतरताना एक पाय रस्त्यावर आणि बाकीची आई आत, अशी पाच मिनिटं गेली. शेवटी फुलवाल्यानं हात दिला. “विहिरीतनं काढल्यागत काढलं मला,” असं ती अजून पाहुण्यांना सांगते. पूजेचा नारळ गाडीपुढं ठेवला होता, चाकाखाली लिंबं होती. गाडी लिंबांवरून गेली. नारळावरून गेली नाही. बंपरनं तो ढकलत ढकलत थेट चपलांच्या ढिगात नेला. तेव्हापासून माझ्याकडं उंचीचं माप नारळाचं आहे. रस्त्यावर नारळाएवढं काही दिसलं की थांबायचं.

टीटीच घेतलीत तर तिचं मागचं पंख, म्हणजे स्पॉयलर, ताशी साधारण १२० किलोमीटरच्या पुढं आपोआप वर उठतं. आपल्या चौपदरी हायवेवर मोटारीला मर्यादा १०० ची, आणि पेठ-सांगली रस्त्यानं जाणाऱ्यांनी हा विषयच काढू नये. निराश होऊ नका, बटण आहे. विश्रामबागच्या सिग्नलला उभं राहून दाबा. पंख वर येतं, रिक्षातली पोरं टाळ्या वाजवतात, पुन्हा दाबलं की खाली जातं. पैसे वसूल झाल्यासारखं वाटणारी हीच काय ती चाळीस सेकंदं.

राहिले स्पीडब्रेकर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नगरसेवकानं निवडणुकीआधी एक उभारलाय, चढून गेलं तर गणपती दिसेल एवढा. मी डिकीत बाभळीच्या दोन फळ्या ठेवतो. परवा संध्याकाळी असंच थांबलो. बायको उतरली, फळ्या काढल्या, चाकांपुढं लावायला वाकली. मागं उसाचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, दोन ट्रॉल्या, टेपवर गाणं फुल्ल. ड्रायव्हर पोरगेलासा. त्यानं हॉर्न वाजवला नाही. गाणं बारीक केलं, बाहेर वाकून बघितलं आणि म्हणाला, “वैनी, डावी फळी जरा आत घ्या.”

तिनं घेतली.