वाइतांगी करार: ‘आपला काय संबंध?’ म्हणणाऱ्यांसाठी

न्यूझीलंडमध्ये फेब्रुवारी उजाडला की आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. वाइतांगीचा करार गोऱ्यांचा आणि माओरींचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचा; आपण तेव्हा नव्हतोच. तो आता कालबाह्य झालाय. माओरींना जे मिळतं ते म्हणजे आरक्षणच. उद्या तुमच्या घरावरही दावा येईल. आणि नव्याने आलेल्यांना, विशेषतः निर्वासितांना, हे शिकवण्यापेक्षा इंग्रजी शिकवा. शेवटी प्रेमळ सल्ला: आपण यात पडू नये.

‘आपण नव्हतो’पासून सुरुवात करू. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइतांगीला पहिल्या सह्या झाल्या तेव्हा देशात गोरे जेमतेम दोन हजार होते. माओरी त्यांच्या कितीतरी पट. पुढचे काही महिने कराराच्या प्रती देशभर फिरल्या आणि पाचशेहून जास्त माओरी प्रमुखांनी त्यावर सह्या केल्या. त्यांत काही स्त्रियाही होत्या. अनेकांनी सहीच्या जागी आपल्या चेहऱ्यावरच्या गोंदणातली नक्षी काढली. मूळ कागद आज वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाहता येतात. मधल्या काळात सरकारी तळघरात त्यांना पाणी लागलं, उंदरांनी ते कुरतडले. सरकारने करार किती जपला याचा यापेक्षा बोलका पुरावा शोधायची गरज नाही.

हा करार हवा कशासाठी होता? त्याच्या इंग्रजी मसुद्याच्या प्रस्तावनेतच उत्तर आहे: राणीची बरीच प्रजा इथे येऊन राहिली आहे, युरोप आणि ऑस्ट्रेलियातून आणखी येतेच आहे, म्हणून इथे शासनव्यवस्था हवी. म्हणजे बाहेरून येणाऱ्या माणसांचा प्रश्न करारात पहिल्या परिच्छेदापासून आहे. शिवाय दुसरा पक्ष ‘गोरे’ नव्हता, ब्रिटिश राजसत्ता होती. आज आपल्याला व्हिसा देणारं सरकार त्याच राजसत्तेच्या नावाने चालतं. पुण्याहून ऑकलंडला आलेला इंजिनिअर त्याच पक्षाच्या दारातून आत येतो, त्याला ठाऊक असो वा नसो. करारभंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणाचे तेव्हाचे अध्यक्ष एडी ड्युरी यांनी १९८९ साली हेच सांगितलं होतं: गोऱ्यांना इथे राहण्याचा हक्क या करारानेच दिला. त्यांच्यामागून आलेल्या आपल्याला तो वेगळ्या कुठल्या कागदाने मिळालेला नाही.

‘कालबाह्य’ हा मुद्दा झटपट उरकता येतो. १८७७ साली सरन्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी करार शून्यवत ठरवला, आणि पुढे बराच काळ सरकारला ते सोयीचं गेलं. पण १९७५ च्या कायद्याने न्यायाधिकरण आलं, १९८५ पासून थेट १८४० पर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जाऊ लागल्या, आणि १९८७ साली अपील न्यायालयाने दोन्ही पक्षांचं नातं भागीदारीसारखं असल्याचं म्हटलं. आज शिक्षकांच्या व्यावसायिक निकषांत पहिलाच निकष या कराराबद्दल आहे. कालबाह्य कागदाला एवढी कामं कुणी देत नाही.

आरक्षणाची तुलना मात्र आपल्याकडे लगेच पटते, म्हणून ती जास्त घातक. कराराच्या दुसऱ्या कलमात माओरींच्या जमिनींवरचा हक्क त्यांच्याकडेच राहील असं वचन होतं. इंग्रजी मसुद्यात जंगलं आणि मासेमारीही नावानिशी आहेत. माओरी मसुदा हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याने मुलाच्या मदतीने एका रात्रीत तयार केला. त्यात माओरींनी दिला तो कारभाराचा अधिकार, तर इंग्रजीत संपूर्ण सार्वभौमत्व. इंग्रजी प्रतीवर सही करणारे अवघे ३९, बाकी सगळ्यांनी सही केली ती माओरी मसुद्यावर. पुढे १८६३ चा कायदा करून सरकारने ‘बंडखोरां’च्या जमिनी जप्त केल्या. एकट्या वायकाटो प्रदेशात सुमारे १२ लाख एकर. १९९५ साली त्याबद्दल तिथल्या वायकाटो-ताइनुई जमातींची औपचारिक माफी मागितली गेली आणि १७ कोटी डॉलरची तडजोड झाली. गेलेल्या जमिनीच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळच. कोयनेच्या धरणग्रस्ताला मिळालेल्या पर्यायी जमिनीला आपण आरक्षण म्हणतो का?

राहता राहिल्या संसदेतल्या माओरी जागा. त्या करारातून आलेल्याच नाहीत. त्या १८६७ च्या. मतदानासाठी मालमत्तेची अट होती आणि माओरींची जमीन सामूहिक, म्हणून बहुतेक माओरी पुरुष मतदार ठरतच नव्हते. तेव्हा सगळ्या माओरींना मिळून चार जागा दिल्या, लोकसंख्येच्या मानाने फारच कमी. याला लाड म्हणायचं असेल तर म्हणा.

घरावर दाव्याची भीती निराधार आहे. १९९३ च्या दुरुस्तीनंतर खासगी जमीन परत करा अशी शिफारस न्यायाधिकरणाला करता येत नाही. अपवाद आहे तो सरकारी कंपन्यांकडे असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या आणि टायटलवर तशी नोंद असलेल्या काही जमिनींचा. ती नोंद घर घेताना वकिलाला दिसतेच.

निर्वासितांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. सरकारच्या निर्वासित कोट्यातून येणारी कुटुंबं पहिले काही आठवडे ऑकलंडच्या मांगेरे केंद्रात काढतात. तेव्हा डोक्यात घर, शाळा, दवाखाना, मागे राहिलेली माणसं. अशा वेळी इंग्रजीतल्या स्लाइड दाखवून करार ‘उरकणं’ फुकट आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे तो नीट शिकवणं. त्यांच्या भाषेत, दुभाष्यासोबत, थोडं स्थिरावल्यावर, आणि शक्य तर माओरींच्या मराएवर, म्हणजे सभास्थानावर, त्यांच्याच तोंडून. इथल्या भाषांतरकारांनी करार तीस भाषांत आणला आहे, तेव्हा साहित्य नाही ही सबब चालणार नाही. आणि इंग्रजी येईपर्यंत थांबायचं कशाला? भूतानने हाकललेली नेपाळी भाषक कुटुंबं इथे वसली आहेत. सरकार कागदावर एक लिहितं आणि वागतं दुसरंच, हे त्यांना व्याकरण शिकण्याआधी कळतं.

‘यात पडू नका’ म्हणणाऱ्यांना इथला मतदानाचा नियम आठवत नसावा. इथे मत द्यायला नागरिकत्व लागत नाही. रेसिडेंट व्हिसा आणि देशात सलग वर्षभराचं वास्तव्य पुरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये कराराच्या तत्त्वांची नव्याने व्याख्या करणारं विधेयक संसदेत आलं. १० एप्रिल २०२५ रोजी ते ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. पण ते मंजूर झालं असतं, तर त्यातल्याच तरतुदीनुसार सार्वमत घ्यावं लागलं असतं, आणि त्या दिवशी मतपत्रिका या ग्रुपातल्या कितीतरी जणांच्या हातात आली असती.